तीनशे अकरा वगळून

एलियेसेर नावेलकिन एकोणीस वर्षं
रात्री अकराला आचाओच्या धक्क्यावरचं ऑफिस उघडायचा,
स्टोव्हमध्ये एक ओंडका सारायचा
आणि हातानं टाइप करायचा तीच चार वाक्यं:
ज्यांचे पैसे आले नाहीत त्यांच्या उद्याच्या जागा सोड.
आपियाओच्या लाँचची यादी काढ.
कप्तानाला पाठव.
झोप.
चौथं वाक्य स्वतःला असायचं.

आता त्याचे गुडघे बोलतात,
आणि संस्थेनं मला सांगितलं, नायादेत,
याची एक आज्ञा करून टाक.

अवघड नाही. फ्रेमवर्ककडे मागितलं
की ते एक कोरी फाईल पुढे करतं,
आत जागा आखलेल्या.
वर सही, म्हणजे आज्ञेला हाक कशी मारायची.
खाली वर्णन, एकच ओळ,
पुढे कधीतरी विसरून गेलेल्या माणसासाठी.
मग 'हाताळ' नावाचं मोकळं अंगण,
खरं काम तिथे.
अंगणात मी त्याची वही उतरवत गेले.

वहीला बटाट्याच्या मातीची बोटं,
अक्षर वाऱ्यात उभ्या माणसासारखं कललेलं.
पान सात, खालचा कोपरा, लाल शाई:
३११ सोडू नये. पुढे ढकलावी.
का, ते नाही.

शोधलं.
ओर्फेलिना चिग्वाय. एक जागा, खिडकीकडची,
आचाओ ते आपियाओ. भाडं बाकी.
नोंद अकरा वर्षांपूर्वीची, पुंता आरेनासहून, फोनवर.
प्रवासाची तारीख: उद्या.
काल पाहिलं होतं, तेव्हाही उद्या.

"लोकर कातरायला दक्षिणेला गेलेली," एलियेसेर म्हणाला.
"गुरुवारी येते म्हणाली, पैसे लाँचवर देते.
त्या गुरुवारी वाऱ्यानं बंदर बंद.
पुढच्या गुरुवारी बंदर उघडं होतं.
तिचा बाप अंडी विकायला येतो, दर गुरुवारी.
खिडकीशी टोपी काढतो. विचारतो,
पोरीची जागा आहे ना?
मला खोटं बोलता येत नाही, बाई.
म्हणून ठेवतो."

पुएर्तो माँतहून ब्राउलियोनं माझा कोड वाचला
आणि समासात लिहिलं:
हा ३११ कुठला? उघडा आकडा ठेवू नये.
काढ, नाहीतर नाव दे.

आधी काढून पाहिला.
कोरडी तालीम चालवली, जिच्यात काही पुसलं जात नाही,
काय पुसलं गेलं असतं तेवढं कळतं.
अठरा ओळी आल्या. सतरावी तिची.
इतरांसारखीच, त्याच अक्षरांत.
मी उठून केटली ठेवली. केटली आधीच ठेवलेली होती.

अट परत घातली.
ज्याची किंमत बदलत नाही त्याला आम्ही स्थिरांक म्हणतो.
त्याचं नाव ठेवलं: येणारी.
ब्राउलियोनं पुढे काही विचारलं नाही.
एक खटकाही ठेवला, 'सकट',
तो लावला तर तीही जाते.
माझ्या मागून येणाऱ्याचे हात
मी कोण बांधणार.

पहिल्या रात्री आम्ही दोघं स्टोव्हपाशी,
करायला काहीच नसलेले.
अकरा वाजले, आणि कुणीही न लिहिता
पडद्यावर उमटलं:
सतरा सोडल्या. एक पुढे.
यादी कप्तानाकडे.
मग आज्ञेनं शून्य परत दिलं आणि ती संपली.

"शून्य?" तो खुर्चीतून अर्धा उठला.
म्हटलं, यंत्राच्या भाषेत शून्य म्हणजे सगळं ठीक.
त्याला ते पटलं नाही. कुणाला पटेल.
पडदा पुन्हा वाचला त्यानं, बोट ठेवून,
'एक'वर थांबला.

"आणि चौथं कुठे लिहिलंस?"
ते तुमचं तुम्ही, मी म्हणाले.

त्यानं आणखी एक ओंडका सारला आणि बसून राहिला.
दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.